चार लाख हत्ती असूनही हत्ती धोक्यात कसा? संकटग्रस्त प्रजाती समजून घेताना

आफ्रिकेत हत्ती किती आहेत? २०१६ च्या अंदाजानुसार माळरानांवरचे आणि दाट वर्षावनांतले असे दोन्ही प्रकारचे मिळून सुमारे ४ लाख १५ हजार. रवांडा, युगांडा आणि काँगोच्या डोंगरांत राहणारे पर्वतीय गोरिला मात्र हजाराच्या घरात. या दोघांपैकी जास्त धोक्यात कोण, असं विचारलं तर बहुतेक जण गोरिलाकडे बोट दाखवतील. धोक्यातल्या प्रजातींची जागतिक यादी मात्र उलटं सांगते. पर्वतीय गोरिलाला २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून काढून एक पायरी कमी धोक्याच्या, म्हणजे ‘संकटग्रस्त’ गटात ठेवलं गेलं. २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या वर्षावनांतला हत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला आणि माळरानावरचा ‘संकटग्रस्त’.

याचं कारण असं, की आपण ‘किती उरले’ एवढंच बघतो. यादी त्याच्या पुढचं विचारते: किती वेगाने कमी होत आहेत, आणि असंच चालू राहिलं तर टिकतील का? वर्षावनांतले हत्ती ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून जास्त घटले होते. गोरिला थोडे होते, पण रक्षकांची गस्त, पशुवैद्यांची देखरेख आणि पर्यटनातून स्थानिकांना मिळणारं उत्पन्न यांच्या आधाराने हळूहळू वाढत होते.

हा फरक नीट समजला की या विषयातला निम्मा गोंधळ दूर होतो. शेवटचा प्राणी मेला की प्रजाती संपते, हे आपल्याला माहीत असतं. पण तिचं निसर्गातलं काम त्याच्या खूप आधी थांबतं आणि तिची सावरण्याची ताकदही आधीच जाते. म्हणून ‘अजून आहेत की बरेच’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं.

यादी ठरते कशी

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना १९४८ साली स्थापन झाली. १९६४ पासून ती ‘रेड लिस्ट’ तयार करते. जगात कुठेही एखाद्या प्राण्याला किंवा वनस्पतीला ‘धोक्यात’ म्हटलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा आधार या यादीचा असतो. तिच्यात पायऱ्या आहेत. काळजीचं फारसं कारण नाही, अशी सगळ्यात खालची पायरी. मग धोक्याच्या उंबरठ्यावरच्या प्रजाती. त्यानंतर असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त. या तीन पायऱ्यांवरच्या प्रजातींना मिळून ‘धोक्यातल्या’ म्हणतात. शेवटी ‘निसर्गातून नामशेष’, म्हणजे फक्त प्राणिसंग्रहालयात किंवा लागवडीत उरलेल्या, आणि मग ‘नामशेष’.

कोणती प्रजाती कुठल्या पायरीवर, हे कुणाच्या मतावर ठरत नाही. त्यासाठी पाच कसोट्या आहेत आणि त्यांपैकी एकीत जरी प्रजाती अडकली तरी पुरतं. पहिली कसोटी घटीच्या वेगाची. गेल्या १० वर्षांत किंवा त्या प्राण्याच्या तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या साधारण ३० टक्क्यांनी घटली तर असुरक्षित, ५० टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त, ८० टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. बाकीच्या कसोट्या राहण्याच्या क्षेत्राच्या आकाराच्या, थोड्या आणि घटत्या संख्येच्या, अगदीच तुटपुंज्या संख्येच्या (५० पेक्षा कमी प्रौढ उरले तर थेट अतिसंकटग्रस्त), आणि नामशेष होण्याच्या गणिती शक्यतेच्या. डॉक्टर नुसतं वजन बघत नाहीत, दोन महिन्यांत किती उतरलं हेही विचारतात. धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं वजन झपाट्याने उतरत असेल तर ते तपासण्या करायला लावतात. पहिल्या कसोटीमागचा विचार हाच आहे.

इथे एक बारीक गोष्ट सहज सुटते. मोजणी होते ती प्रौढ, प्रजननक्षम प्राण्यांची. पिल्लं धरत नाहीत. ज्यांना जोडीदार मिळण्याची शक्यताच नाही, असे प्राणीही धरत नाहीत. एखाद्या बेटावर २०० कासवं आहेत, पण ती सगळी म्हातारी आणि अनेक वर्षांत एकही पिल्लू जगलेलं नाही, तर २०० हा आकडा दिलासा देणारा नाही.

आतापर्यंत १ लाख ६० हजारांहून जास्त प्रजातींचं मूल्यमापन झालं आहे आणि त्यांतल्या ४५ हजारांहून जास्त धोक्यात आहेत. बेडूक, सॅलॅमँडर यांसारख्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के, सस्तन प्राण्यांपैकी साधारण चौथा हिस्सा, तर पक्ष्यांमध्ये आठांत एक. पण विज्ञानाने आजवर ज्यांना नावं दिली आहेत अशा प्रजातीच २० लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे दहाव्या हिश्श्याचीसुद्धा तपासणी झालेली नाही. कीटक, बुरशी, खोल समुद्रातले जीव यांच्याबद्दल माहिती फारच तोकडी. अनेक प्रजाती ‘अपुरी माहिती’ या गटात पडून आहेत. पुष्कळ लोक या गटाचा अर्थ ‘सुरक्षित’ असा घेतात. तो तसा नाही.

संख्या कोसळते तेव्हा

‘एवढे आहेत, संपतील कसे?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे उत्तर अमेरिकेतला पॅसेंजर पिजन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कबुतरांची संख्या अब्जावधींत होती. थवे जाताना आकाश तासन्‌तास झाकोळलेलं राहायचं. मग रेल्वे आली, तार आली. कुठे वीण वसाहत बसली आहे ही बातमी तारेने पोचायची, शिकारी तिथे धावायचे आणि मारलेली कबुतरं रेल्वेने शहरांकडे जायची. जोडीला जंगलतोड होतीच. हा पक्षी प्रचंड वसाहतींतच अंडी घालायचा, आणि एका विणीत अंडं एकच. गर्दी मोडल्यावर शिल्लक राहिलेल्या हजारो कबुतरांनाही स्वतःला सावरता आलं नाही. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

गर्दीत राहणारे प्राणी विरळ झाले की आणखी वेगाने कमी होतात, याला अ‍ॅली परिणाम म्हणतात. वॉर्डर क्लाइड अ‍ॅली या प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तो दाखवून दिला. जोडीदार सापडत नाही, शत्रूवर नजर ठेवायला पुरेसे डोळे नसतात, वसाहतीची ऊब आणि संरक्षण मिळत नाही.

पण संख्या थोडी असणं स्वतःच कसं जीवघेणं ठरतं, हे बघायचं तर हीथ हेन या पक्ष्याची हकीकत सविस्तर बघावी लागेल. तित्तिरांच्या कुळातला, जमिनीवर घरटं करणारा हा पक्षी एकेकाळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भरपूर होता. शिकारीमुळे १८७० च्या सुमारास मुख्य भूमीवरून तो संपला आणि मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या एका बेटापुरता उरला. १९०८ मध्ये तिथे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केलं, शिकार बंद केली. तेव्हा पक्षी जेमतेम पन्नास-साठ होते. उपाय लागू पडला. काही वर्षांत संख्या २००० पर्यंत गेल्याचा अंदाज होता.

मग मे १९१६ मध्ये आग लागली. नेमका विणीचा हंगाम होता. माद्या अंड्यांवरून उठल्या नाहीत आणि घरट्यांसकट जळाल्या. नर उडून वाचले. पुढचा हिवाळा कडक गेला आणि त्यात बेटावर शिकारी ससाणे नेहमीपेक्षा जास्त उतरले. दीडशेच्या आत पक्षी राहिले, त्यांत बहुतेक नर. पुन्हा थोडी वाढ झाली, तेवढ्यात पाळीव टर्कींकडून एक रोग पसरला. १९२७ पर्यंत डझनभर पक्षी उरले होते आणि त्यांत माद्या दोनच. १९२८ च्या अखेरीला एकटा नर राहिला. तो दर वसंतात जुन्या जागेवर येऊन मादीला साद घालायचा. ११ मार्च १९३२ नंतर तो कुणाला दिसला नाही.

आग, थंडी, ससाणे, रोग. यांतलं एकही संकट जगावेगळं नाही. हजार मैलांच्या पट्ट्यात पसरलेल्या लाखो पक्ष्यांपैकी काही हजार यात मेले असते आणि दुसरीकडच्यांनी ती जागा भरून काढली असती. एकाच बेटावर असलेल्यांना दुसरी जागा नव्हती. शिकारीने या पक्ष्याला मारलं असं आपण म्हणतो, पण शेवटचा पक्षी मरायच्या आधी चोवीस वर्षं त्याला कायद्याचं संरक्षण होतं.

याच्या जोडीला आणखी एक सापळा असतो, तो रक्ताचा. प्राणी थोडे राहिले की जवळच्या नात्यातच जोड्या लागतात आणि एरवी दबून राहणारे दोष वर येतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या प्यूमांचं, म्हणजे तिथल्या फ्लोरिडा पँथरचं, १९९० च्या दशकात असंच झालं. वीस-तीस उरले होते. शेपटीला बाक, हृदयाला छिद्र, नरांची वृषणं खाली न उतरलेली. १९९५ मध्ये टेक्सासमधून त्याच जातीच्या आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढीत दोष झपाट्याने कमी झाले आणि आज ही संख्या शे-दोनशेच्या दरम्यान आहे. इथे आणायला दुसरीकडे माद्या शिल्लक होत्या, हे विसरू नये. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या बाबतीत तसं नाही. सुदान नावाचा शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये केनियात मेला आणि मागे दोन माद्या राहिल्या, त्याची मुलगी आणि नात. आता सगळी भिस्त साठवलेल्या वीर्यावर, प्रयोगशाळेत तयार केलेल्या भ्रूणांवर आणि दुसऱ्या उपजातीच्या माद्यांच्या गर्भाशयावर आहे.

एक प्रजाती गेली तर काय होतं

या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर दक्षिण आशियातल्या गिधाडांनी दिलं आहे आणि ते फार महाग पडलं.

१९८० च्या दशकापर्यंत पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातल्या सगळ्यात जास्त संख्येने असलेल्या मोठ्या शिकारी-मांसभक्षी पक्ष्यांपैकी एक मानला जायचा. भारतीय उपखंडात गिधाडं कोट्यवधी होती. १९९० च्या दशकात ती पटापट मरू लागली. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. पक्षी दिवसेंदिवस मान टाकून बसलेले दिसायचे आणि मग झाडावरून खाली पडायचे. सुरुवातीला रोगाचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कारण सापडलं: डायक्लोफिनॅक, जनावरांना दिलं जाणारं साधं वेदनाशामक.

आजारी जनावराला हे औषध दिलं आणि ते एक-दोन दिवसांत मेलं, तर औषधाचा अंश मांसात राहतो. गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. पक्ष्यांच्या शरीरातली नत्रयुक्त घाण युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडते. तो मार्ग बंद झाला की हे आम्ल रक्तात साचतं आणि हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांच्यावर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर चढतो. पक्षी काही दिवसांत मरतो. धक्कादायक भाग पुढे आहे. शंभर जनावरांमागे एकापेक्षाही कमी मृतदेहात घातक प्रमाणात औषध असलं, तरी एवढी घट व्हायला पुरेसं होतं, असं गणित निघालं. कारण एका जनावरावर डझनांनी गिधाडं उतरतात आणि एक गिधाड वर्षभरात कितीतरी जनावरं खातं. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. मरणाचा वेग थोडासा वाढला तरी जन्माला तो गाठता येत नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली.

गिधाडांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की बहुतेक रोगजंतू त्यात मरतात. ती गेल्यावर मेलेली जनावरं उघड्यावर कुजू लागली, पाण्याच्या साठ्यांपर्यंत घाण पोचली, भटक्या कुत्र्यांना अन्न मिळालं आणि रेबीजचा धोका वाढला. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी भारतातल्या जिल्ह्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे मुळातच नव्हती, अशा जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे सुमारे ५ लाख माणसांचे जादा मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या काळात एकाही प्रजातीचं शेवटचं गिधाड मेलं नव्हतं. फटका बसलेल्या गिधाडांच्या प्रजाती आजही अस्तित्वात आहेत. माणसं मेली ती गिधाडं ‘नामशेष’ झाली म्हणून नाही, ती पुरेशी उरली नाहीत म्हणून. प्रजाती कागदावर जिवंत आणि जमिनीवर निकामी, ही अवस्था अशी दिसते.

प्रत्येक प्रजाती असं मोठं काम करते का? प्रामाणिक उत्तर, नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर एक साधा प्रयोग केला. एका तुकड्यातले सगळे तारामासे उचलून समुद्रात फेकले आणि पुन्हा आले की पुन्हा फेकले. तारामासे शिंपल्यांना खातात. ते नसताना शिंपल्यांनी खडक व्यापला आणि तिथल्या पंधरा प्रजातींपैकी साधारण निम्म्याच उरल्या. बाकीच्या एकेका प्रजातीला काढल्यावर इतकी उलथापालथ होत नाही. अशा कळीच्या प्रजाती थोड्याच असतात. अडचण ही की कळीची कोणती, हे बहुतेक वेळा ती गेल्यावर कळतं. गिधाडांना कुणी मौल्यवान मानलं होतं?

दुसरं महत्त्व माहितीचं. प्रत्येक प्रजातीच्या जनुकांत लाखो वर्षांत घासूनपुसून तयार झालेली उत्तरं असतात आणि प्रश्न कधी पडेल हे सांगता येत नाही. १९७० च्या दशकात आशियातल्या भातपिकावर ग्रासी स्टंट हा विषाणूजन्य रोग पसरला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानटी भाताच्या एका नमुन्यात, ओरायझा निवारामध्ये. त्या गवताचं बी कुणी जपून ठेवलं नसतं तर? पुढे ते जनुक आशियाभर लावल्या गेलेल्या वाणांत घातलं गेलं.

आणि हातातून गेलेलं उत्तरही एक आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या डोंगरी ओढ्यांत एक बेडूक राहायचा. त्याची मादी फलित अंडी गिळायची आणि पिल्लं पोटात, म्हणजे खऱ्याखुऱ्या जठरात वाढवायची. जवळजवळ सहा-सात आठवडे ती काही खायची नाही आणि मग तयार झालेले छोटे बेडूक तोंडातून बाहेर सोडायची. या काळात जठरातलं आम्ल बंद राहायचं, कारण अंड्यांतून आणि पिल्लांतून पाझरणारं एक द्रव्य ते थांबवत होतं. माणसांच्या जठरातल्या व्रणांवर याचा काही उपयोग होईल का, हा प्रश्न संशोधकांना पडला होता. या बेडकांच्या दोन प्रजाती होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही संपल्या आणि संशोधन तिथेच थांबलं.

उपयोगाचं बोलून झालं, पण मला एवढ्यावर थांबायचं नाही. जी प्रजाती आपल्या काही कामाची नाही, तिलाही जगायचा हक्क आहे, असं मी मानतो. यासाठी कुठलाही पुरावा देता येणार नाही आणि तो मागूही नये. आपल्याआधी लाखो वर्षं इथे असलेल्या जीवाला आपल्या सोयीसाठी पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

कारणं आणि एक नेहमीचा आक्षेप

कारणं पाच आहेत आणि सगळ्यांना ऐकून माहीत आहेत, म्हणून थोडक्यात: राहण्याची जागा जाणं, अति शिकार आणि मासेमारी, बाहेरून आणलेल्या प्रजाती, प्रदूषण, हवामानबदल. बहुतेक ठिकाणी पहिलं कारण सगळ्यात मोठं असतं. बाहेरून आलेल्यांचा तडाखा बेटांवर सगळ्यात जास्त बसतो. मूरीया या पॅसिफिक बेटावर १९७७ मध्ये एका उपद्रवी गोगलगायीचा बंदोबस्त करायला दुसरी शिकारी गोगलगाय मुद्दाम सोडली. तिने तिथल्या छोट्या पार्तुला गोगलगायी दहा-बारा वर्षांत फस्त केल्या. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी माणसाच्या व्यापारातून जगभर पोचली. २०१९ मधल्या एका अभ्यासानुसार तिच्यामुळे ५०१ उभयचर प्रजाती घटल्या आणि त्यांतल्या ९० संपल्या असाव्यात. हवामानबदलाने नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून ज्याचं नाव घेतात, तो ब्रॅम्बल केवरचा मेलोमिस हा उंदीर. ऑस्ट्रेलियाजवळच्या ज्या बेटावर तो राहायचा, ते भरतीच्या पाण्यापेक्षा तीनेक मीटरच उंच आहे. वारंवार येणाऱ्या समुद्राच्या पाण्याने तिथली झुडपं मेली. हा उंदीर २००९ नंतर दिसला नाही.

‘प्रजाती तर नेहमीच नामशेष होत आल्या आहेत, डायनोसॉर नाही का गेले?’ हा आक्षेप खरा आहे. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त आज नाहीत. पण इथेही प्रश्न वेगाचाच आहे. जीवाश्मांवरून शास्त्रज्ञ नेहमीच्या काळातला नामशेष होण्याचा वेग काढतात. सध्याचा वेग त्याच्या निदान दहापट ते शेकडो पट आहे, असे अंदाज आहेत. नव्या प्रजाती तयार व्हायला हजारो ते लाखो वर्षं लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आयपीबीईएस या संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की सुमारे १० लाख प्रजातींवर नामशेष होण्याची वेळ येऊ शकते, अनेकींवर येत्या काही दशकांतच.

वाचवता येतं, पण कधी

चॅटम बेटांवरच्या काळ्या रॉबिनची गोष्ट संवर्धनातला चमत्कार म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच तशी. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या या बेटांवर १९८० मध्ये जगातले शेवटचे पाच काळे रॉबिन उरले होते. त्यांत अंडी देणारी मादी एकच. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालायची. आज अडीचशेच्या आसपास काळे रॉबिन आहेत आणि सगळे त्या एका जोडीचे वंशज.

यात एक गोष्ट नंतर लक्षात आली. काही माद्या घरट्याच्या वाटीत नाही तर काठावर अंडं घालायच्या. असं अंडं उबवलं जात नाही, वाया जातं. एकेक अंडं मोलाचं असल्यामुळे कार्यकर्ते ते बोटाने अलगद आत ढकलायचे. त्यातून पिल्लं जगली आणि काठावर अंडं घालण्याची खोडही पुढच्या पिढीत गेली. १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या असं करू लागल्या होत्या. मग माणसांनी अंडी ढकलणं थांबवलं आणि हे प्रमाण हळूहळू उतरलं. त्या लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर पाच पक्षी होते. पण इतक्या उशिरा हात घातला की मदत करणाऱ्या हाताचाही ठसा प्रजातीवर उमटतो.

याउलट सायगा. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातलं हे फुगीर नाकाचं हरिण. चोरट्या शिकारीमुळे ते अतिसंकटग्रस्त झालं होतं. २०१५ मध्ये कझाकस्तानात एका जिवाणूच्या संसर्गाने काही आठवड्यांत २ लाखांहून जास्त सायगा मेले. पण त्यांचे कळप दूरवर पसरलेले होते, गवताळ प्रदेश शाबूत होता आणि शिकारीवर कडक कारवाई सुरू होती. सायगाची मादी पहिल्याच वर्षी वयात येते आणि पुष्कळदा जुळी देते. २०२२ पर्यंत कझाकस्तानातली संख्या १३ लाखांवर गेली आणि २०२३ मध्ये सायगा धोक्याच्या गटांतूनच बाहेर आला. हीथ हेनलाही वणवा आणि रोगच भोवला होता. सायगाकडे सावरायला जागा आणि संख्या शिल्लक होती.

इथे एक गैरसमज दूर करतो. रेड लिस्ट हा कायदा नाही. एखादी प्रजाती तिच्यात आली म्हणून तिची शिकार आपोआप गुन्हा ठरत नाही. तो अधिकार देशोदेशीच्या कायद्यांचा. व्यापारापुरता ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७५ पासून लागू असलेला. त्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या प्रजातींचा व्यावसायिक व्यापार जवळपास पूर्ण बंद असतो, दुसऱ्यातल्यांचा परवान्यावर चालतो. आणि कायदाही एकटा पुरत नाही. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय उपलब्ध होता. तरी माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक मोठ्या कुप्यांतून जनावरांना दिलं जात राहिलं. २०१५ मध्ये त्या मोठ्या कुप्याही बंद कराव्या लागल्या. कीटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधं जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. गिधाडांची घसरण मंदावली, पण पूर्वीची संख्या कुठेच परतलेली नाही.

घट वेळेवर कळायची तर मोजणी साध्या, रोज दिसणाऱ्या प्रजातींची व्हायला हवी आणि तिथे कुणालाही हातभार लावता येतो. २०२३ मध्ये आलेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. यातले बहुतेक लोक हौशी आहेत. त्या अहवालातून दिसलं की नीळकंठ हा सर्रास दिसणारा, तेव्हा जागतिक यादीत काळजी नसलेल्या गटात असलेला पक्षी झपाट्याने कमी होतो आहे आणि त्याचं फेरमूल्यमापन व्हावं, अशी शिफारस झाली. अशा नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर करता येतात. झाडं, कीटक, बेडूक यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे. ईबर्डवर यादी भरताना एक काळजी घ्या. दुर्मिळ दिसलेला एखादाच पक्षी नोंदवू नका, त्या वेळात ओळखता आलेले सगळे नोंदवा, साळुंक्या आणि कावळ्यांसकट, आणि यादी पूर्ण असल्याची खूण करा. पूर्ण यादीतूनच कोणता पक्षी त्या दिवशी तिथे दिसला नाही हे कळतं आणि घटीचा वेग काढणाऱ्यांना नेमकी तीच माहिती लागते.